चकतीवरच्या दोन खुणा

४ जानेवारी

मामा,

नमस्कार मागाहून, आधी भांडण. मामीने कळवलंय की शेजारच्यांनी विचारलं तर तू बेधडक सांगतोस, "भाची हवामान खात्यात आहे." हवामान! सात वर्षं झाली मला या कामाला. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतोस, म्हणून आता लिहूनच कळवते. पत्र जपून ठेव आणि शेजारच्यांना वाचून दाखव.

मी सूर्यासारख्या ताऱ्यांच्या लहानपणाचा अभ्यास करते. आपला सूर्य आता साडेचारशे कोटी वर्षांचा, पोक्त माणूस. स्वतःभोवती एक फेरी मारायला त्याला जवळजवळ महिना लागतो. पण लहानपणी तो असा नव्हता, तीन-चार दिवसांत गर्रकन फिरून यायचा. आता असं बघ, तारा फिरतो म्हणून त्याच्या पोटातल्या तापलेल्या वायूत चुंबकत्व तयार होतं, आणि तो जितका जोरात फिरेल तितकं ते जास्त. त्या जोराने अंगावर काळे डाग उठतात. लहान ताऱ्यावरचा एकेक डाग एवढा मोठा, की आपली पृथ्वी त्यात सापडायची नाही. भडके तर असे उडतात, की तसा एक आज आपल्या सूर्यावर उडाला तर उपग्रह आणि विजेच्या तारा यांतलं काही धड राहणार नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. ताऱ्यावरून सतत वारा सुटलेला असतो. हेच चुंबकत्व त्या वाऱ्याला धरून ठेवतं, त्याला लांबवर आपल्याबरोबर ओढत फिरवतं, आणि त्या ओढाताणीत तारा हळूहळू संथ होत जातो. म्हणजे फिरण्यातून चुंबक जन्मतो, आणि तोच चुंबक फिरण्याला आवरतो! पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी भर वर्गात पेन खाली ठेवून नुसती बसून राहिले होते. आजही लिहिताना अंगावर काटा आलाय.

म्हणून फिरण्याचा वेग कळला की ताऱ्याचं वय कळतं. डाग आपल्या बाजूला आला की तारा किंचित फिका दिसतो, पलीकडे गेला की पुन्हा उजळतो. ते मोजायचं. रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागत नाही, दुर्बीण अवकाशात आहे आणि मी दहा ते सहा टेबलाशी.

आता बातमी. ताऱ्यांचं एक कुटुंब आहे, एकाच ढगातून एकाच वेळी जन्मलेलं. वय साठ कोटी वर्षं. त्यातली एक्केचाळीस भावंडं सूर्याच्या वजनाची. त्यांतल्या तीस जणांना एका फेरीला आठ-नऊ दिवस लागतात, आणि अकरा जणांना फक्त चार-साडेचार! म्हणजे ती अकरा जेमतेम पंधरा कोटी वर्षांची असणार. घरात फार मागाहून जन्मलेली शेंडेफळं! असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. एप्रिलमधल्या मोठ्या सभेत मी हे सांगणार आहे. आमच्या संस्थेत एक कायमची जागा निघालीय आणि तिचा निर्णय त्या सभेनंतर. माझी तात्पुरती नेमणूक जूनमध्ये संपते. आमचे सर म्हणाले, "या शेंडेफळांवर जागा तुझीच समज."

मामा, इतकी वर्षं पायाला भिंगरी लावून गावोगाव नोकऱ्या केल्या, आता एका ठिकाणी पुस्तकांची कपाटं लावावीशी वाटतायत.

तुझी,
भिंगरी


१९ जानेवारी

भिंगरे,

हवामानाबद्दल माफी. शेजारच्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे पगार चांगला असेल." पालथ्या घड्यावर पाणी.

पण मी मात्र हललोय. का ते सांगतो. अडतीस वर्षं मी मीटर तपासली. आताची नाहीत, ती काचेची खिडकी असलेली, आतमध्ये चकती फिरायची ती. त्या चकतीच्या कडेला एक काळी खूण असते. घड्याळ हातात धरून, खूण किती वेळा समोरून गेली हे मोजायचं, की घरात किती वीज चाललीय ते कळतं. आणि त्या चकतीला आवरायला काय असतं ठाऊक आहे? चुंबक! कडेला घट्ट बसवलेला. तो काढला तर चकती सुसाट सुटते. आयुष्यभर मी खिडकीतून काळा डाग मोजत बसलो, आणि मला वाटायचं हे आपलं पोटापुरतं काम. तेच वर चाललंय? एवढाल्या ताऱ्यांचं? तुझं पत्र वाचल्यावर मी गच्चीवर जाऊन उगीचच आकाशाकडे बघत उभा राहिलो. दिवसाढवळ्या, तारे नसताना. मामी म्हणाली, "पतंग अडकलाय का कुणाचा?"

आता अडाण्याचा एक प्रश्न. तीस जणांना आठ-नऊ दिवस आणि अकरा जणांना बरोबर निम्मे? निम्मं म्हटलं की मीटरवाल्याच्या मनात पाल चुकचुकते. त्या अकरा ताऱ्यांवर एकाच्या समोरासमोर दुसरा, असे दोन डाग असतील तर? मग एका फेरीत दोनदा फिका दिसेल, आणि मोजणाऱ्याला वाटेल दुप्पट वेगाने फिरतोय.

हे सुचलं कारण आमच्यातल्या एकाने हाच घोळ केला होता. एक इस्त्रीवाला होता. त्याला एका विजेच्या इस्त्रीची परवानगी. कुणीतरी तक्रार केली, की हा लपवून दुसरीही चालवतो. आमचा माणूस गेला, घड्याळ लावून खूण मोजली. दोन इस्त्र्यांचा भार निघाला. वीज तोडली, गल्लीत बभ्रा झाला. इस्त्रीवाला सांगून दमला, की बाबांनो, दुकान बघा, एकच इस्त्री आहे. कुणी ऐकलं नाही. पुढे ते मीटर उघडलं तेव्हा कळलं. मागे कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी पुसट झालेली खूण नव्याने रंगवली होती, पण नेमकी चकतीच्या पलीकडच्या बाजूला. जुनी तशीच राहून गेलेली. एका फेरीत दोन खुणा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एक खूण गडद होती आणि एक पुसट. एकाआड एक. नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. तुम्ही लोकांनी हे बघितलं असणारच. तरी विचारलं.

तुझा मामा


३ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र चहाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मीटर आणि तारा ही जोडी इतकी आवडली, की सर म्हणाले, सभेत मी पहिलं चित्र मीटरचंच दाखवावं.

दोन डागांचं म्हणशील तर काळजी नको. इथे कुणी खिडकीला नाक लावून मोजत नाही. कॉम्प्युटर मोजतो, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी. सरांनी बघितलंय, बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी बघितलंय. एखाद्यावर दोन डाग असतीलही, पण अकराच्या अकरांवर समोरासमोर? आणि खरं सांगू, तो तुमचा माणूस कमालीचा बेफिकीर असला पाहिजे. डोळ्यांसमोरून एक गडद आणि एक पुसट खूण जातेय, आणि दिसू नये? अशा माणसाला नोकरीवर ठेवलं कसं?

बरं, गच्चीवर नुसता उभा राहू नकोस, तुला काम देते. तुझी जुनी दुर्बीण काढ, पक्षी बघायची. तिच्यातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, एक क्षणही नाही, डोळा जाईल. तिच्या दोन नळ्यांपैकी एकीला टोपण लाव, दुसरी सूर्याकडे धर, आणि मागे हातभर अंतरावर पांढरा कागद धर. कागदावर सूर्य उतरेल. त्यावर टाचणीएवढा जरी डाग दिसला तरी त्यात आख्खी पृथ्वी बुडेल हे लक्षात ठेव, आणि रोज त्याच वेळी पेन्सिलने टिपत जा.

मी सध्या सभेच्या तयारीत बुडालेय. उत्तराला उशीर झाला तर रागावू नकोस.

भिंगरी


१२ मार्च

भिंगरे,

काय लिहू आणि कसं लिहू.

दहा फेब्रुवारीला मागच्या खोलीत खिडकीच्या चौकटीला दुर्बीण बांधली. मामीने सावलीला पुठ्ठा धरला, "माझा हात दुखतोय" हे दर मिनिटाला सांगत. मी कागद पुढेमागे केला आणि सूर्य आला, बशीएवढा. गोल, पांढरा, कडेला थोडा काळसर, आणि अंगात हलकी थरथर. आणि मध्याच्या जरा डावीकडे एक डाग, टाचणीच्या डोक्याएवढा. मी आधी दुर्बिणीची काच पुसली. डाग तिथेच. मग कागद झटकला. डाग तिथेच. मामी पुठ्ठा टाकून बघायला आली आणि सूर्य गेला. पण नंतर तिने पाहिलं आणि गप्प झाली. चौतीस वर्षांच्या संसारात ती अशी गप्प झालेली मी दोनदाच पाहिलीय.

रोज साडेनऊला टिपत गेलो. डाग रोज थोडा सरकायचा. कडेला गेला तसा चपटा झाला, काडीसारखा, आणि एकोणीस तारखेला नाहीसा झाला. मी मामीला म्हटलं, आता पलीकडून जातोय. चौदा दिवस आम्ही दोघं कोऱ्या सूर्याकडे बघत बसलो. घरात कुणी परगावी गेलं की जेवताना त्याचा विषय निघतो ना, तसा त्या डागाचा निघायचा. आणि पाच मार्चला दुसऱ्या कडेला काडी! परत आला! मी ओरडलो. खालच्या मजल्यावरचे विचारायला वर आले.

मी हिशेब केला. पूर्ण फेरीला सत्तावीस दिवस. त्या टाचणीएवढ्या डागात आख्खी पृथ्वी बुडेल असं तू म्हणतेस, आणि तो डाग ज्याच्या अंगावर तिळासारखा, ते एवढं प्रचंड धूड आपल्या डोक्यावर मुकाट्याने फिरतंय. सत्तर वर्षं मी त्याच्या उजेडात कपडे वाळत घातले, आणि तो फिरतो हे मला एकदाही दिसलं नाही.

आता दुसरं. हे लिहायला मला महिना लागला, म्हणून उत्तराला उशीर.

तू लिहिलंस, तो माणूस बेफिकीर असला पाहिजे. होता. तो मी होतो.

खूण मीच मोजली. घाईत होतो, दुपारपर्यंत आणखी सहा घरं करायची होती. आणि तक्रार आलेली असल्यामुळे मला चोर सापडणार हे मनात धरूनच गेलो होतो. त्याच्या दुकानातून काढून आणलेलं मीटर दोन महिन्यांनी माझ्याच टेबलावर आलं. सील माझं, नंबर माझा. उघडलं आणि दोन खुणा दिसल्या. खोलीत मी एकटाच होतो. मी थिनरची बाटली घेतली आणि पुसट खूण पुसून टाकली. मग मीटर भंगारात लिहिलं. मी चुकलो होतो तोवर ती चूक होती. पुसलं तेव्हापासून ती चूक राहिली नाही.

तुला मी हे कधीच सांगितलं नसतं. पण त्या अकरांतला एखादा तरी पुन्हा बघ, बये. एक गडद, एक पुसट. एवढंच बघ.

मामा


३० मार्च

मामा,

तुझं पत्र मी आधी अर्धंच वाचलं. डाग परत आला तिथपर्यंत वाचताना हसत होते. पुढचं वाचलं आणि पत्र बॅगेत टाकून दोन दिवस तिला हात लावला नाही.

तुझा राग आला. लपवत नाही. लहानपणापासून मी ज्या माणसाची सही बघून म्हणायचे, "माझ्या मामाने सील केलंय, म्हणजे बरोबरच असणार," तो हाच. पण राग यायचं खरं कारण वेगळं आहे. तू मला माझंच कपाट उघडून दाखवलंस.

मी नोव्हेंबरातच पाहिलं होतं. एका ताऱ्याच्या आलेखात एक खड्डा खोल, पुढचा उथळ, मग पुन्हा खोल. एकाआड एक. मी वहीत लिहिलंय, "किरकोळ फरक, नंतर बघू." माझ्याच अक्षरात. नंतर काही बघितलं नाही. तीनही पद्धती एकच चूक करू शकतात हे मला माहीत होतं. मी फक्त विचारायचं टाळलं, कारण उत्तर नको होतं.

आता बघितलंय. अकराच्या अकरा तारे बाहेर काढले. ताऱ्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा फोडला की त्यात काळ्या रेषा दिसतात. जो तारा जोरात फिरतो त्याच्या रेषा पसरट, संथ फिरतो त्याच्या बारीक. दूरच्या वेधशाळेतल्या एका मैत्रिणीकडे हे मोजून झालेलं होतं, तिच्याकडून मागवलं. अकरांपैकी नऊ जणांच्या रेषा बारीक आहेत. नऊ जण आठ-नऊ दिवसांनीच फिरतायत, बाकीच्या भावंडांसारखे. शेंडेफळं वगैरे काही नाही, मामा. मी दोन खुणा मोजल्या.

सरांना सांगितलं. ते वाईट नाहीत, त्यांना माझी काळजी आहे. म्हणाले, "भाषणात 'असू शकेल' असं म्हण. जागेचा निर्णय होऊन जाऊ दे. मग सहा महिन्यांनी दुरुस्ती छापू. सगळे असंच करतात." सभा अठरा एप्रिलला आहे. नऊ तारे गेले तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि जूननंतर नोकरीही नाही.

काय करू?

भिंगरी


७ एप्रिल

भिंगरे,

काय कर हे सांगायला मला तोंड नाही. माझं काय झालं तेवढं लिहितो.

मी म्हटलं होतं, बढती होऊन जाऊ दे, मग साहेबांना सांगू. बढती झाली. मग म्हटलं, बदली होऊ दे. मग म्हटलं, निवृत्त होऊ दे, तेव्हा काय बिघडणार आहे? निवृत्त झालो. होऊ दे, होऊ दे करत एकतीस वर्षं गेली. इस्त्रीवाला पुढे बरीच वर्षं कोळशाच्या इस्त्रीवर काम करायचा. धुराने त्याचे डोळे सतत लाल असायचे. मी दूध आणायला लांबच्या रस्त्याने जायचो. आजही जातो. मामीला वाटायचं, चालायची आवड आहे.

तुझे सर म्हणतात ते खरं आहे, सगळे असंच करतात. मी पण सगळ्यांतलाच.

मामा

ता. क. मी मामी. मलाही हे मार्चमध्येच कळलं, तुला पत्र टाकल्यावर. चार दिवस बोलले नाही, पाचव्या दिवशी मीठ संपलं म्हणून बोलावं लागलं. तू जागेची काळजी करू नकोस, मागची खोली रिकामी आहे. फक्त दुर्बीण बाजूला सरकवावी लागेल.


२६ एप्रिल

मामा आणि मामी,

सांगितलं.

पहिलं चित्र तुझ्या मीटरचं होतं, ते ठेवलं. सांगितलं की हे माझ्या मामाचं काम होतं आणि माझं कामही हेच आहे. मग अकरा तारे दाखवले, सगळ्यांना पटेल असे दाखवले, आणि मग म्हटलं, "हे चूक आहे. मला नोव्हेंबरात शंका आली होती आणि मी ती बाजूला ठेवली." सभागृहात कुणीतरी खोकलं तेवढंच. मी टेबलाला धरून उभी होते.

मग दुरुस्त केलेलं चित्र लावलं. खरं तर ते मी आदल्या दिवशी घाईत काढलं होतं, चूक किती आहे ते दाखवायला. नीट बघायला वेळच झाला नव्हता. पडद्यावर ते भिंतीएवढं झालं आणि मीच बोलायची थांबले.

मामा, सगळे तारे एका रेषेवर. नऊच्या नऊ खाली येऊन आपापल्या जागी बसलेले. एकोणचाळीस तारे, एकामागे एक, जणू कुणी पट्टी ठेवून मांडलेत. ही भावंडं जन्मली तेव्हा कुणी एका दिवसात फिरायचं, कुणी दहा दिवसांत. कुणाचं कुणाला काही माहीत नाही, मध्ये अफाट अंतरं. तरी प्रत्येकाच्या पोटातल्या चुंबकाने त्याला त्याच्यापुरतं आवरलं. जो जास्त उधळला होता त्याला जास्त, जो शांत होता त्याला कमी. साठ कोटी वर्षांत सगळे एका चालीवर आले. हे पुस्तकात मी दहा वेळा वाचलंय. पण माझ्या हाताने मोजलेल्या ताऱ्यांत ते समोर आलं तेव्हा मी सभेकडे पाठ करून पडद्याकडेच बघत राहिले. आपला सूर्यही कधीतरी याच रेषेवर होता. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, आणि डोक्यावर तो भडके उडवत हळूहळू निवत होता. तो निवला म्हणून आपण. मी हेच बोलले बहुतेक, मला नीट आठवत नाही. मी शेंडेफळांच्या मागे लागले होते आणि खरं आश्चर्य मीच झाकून ठेवलं होतं.

राहिलेले दोन तारे खरंच जोरात फिरतात. त्यांना अगदी जवळ जोडीदार आहेत, ते त्यांना संथ होऊच देत नाहीत. मामी, हे तुमच्यासाठी.

जागा दुसऱ्याला मिळाली. काल कळलं. हुशार मुलगा आहे, राग नाही. नाही म्हणजे, थोडा आहे. घरी येऊन पुस्तकांच्या खोक्यांकडे बघून रडले. पण सभेनंतर ती वेधशाळेतली मैत्रीण आली आणि म्हणाली, "नऊ ताऱ्यांवर डाग समोरासमोरच का? आणि तू मोजलेले ऐंशी दिवस तसेच का टिकले?" हे कुणालाच माहीत नाही. तिच्याकडे वर्षभराची तात्पुरती नेमणूक आहे, तिथे जाईन. पुन्हा भिंगरी.

आणि मामा, तू काय करणार आहेस, हे मी विचारणार नव्हते. पण विचारते.

भिंगरी


२० मे

भिंगरे,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. सकाळी, दुकान उघडताना. मामी येते म्हणाली, मी नको म्हटलं.

इस्त्रीवाला चार वर्षांपूर्वी गेला. उशीर केला मी. दुकान आता मुलगी चालवते, चाळिशीची असेल. मी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. ती शर्टाची बाही इस्त्री करत होती. बाही झाली, कॉलर झाली, दुसरी बाही झाली. ती थांबली नाही आणि मीही थांबलो नाही. शेवटी शर्टाची घडी घातली आणि म्हणाली, "शाळेत मला सगळे मीटरचोराची पोरगी म्हणायचे." एवढंच. मी उभा राहिलो. बसा म्हणाली नाही, आणि तिने का म्हणावं?

मग विचारलं, "आज का आलात?" मी तुझं सांगितलं. तारे, डाग, नऊ आणि दोन, तू भर सभेत काय बोललीस ते. तुझ्यासारखं मला सांगता येत नाही, पण एकोणचाळीस भावंडं एका चालीवर आली तिथे आलो तेव्हा तिने पहिल्यांदा इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाली, "आपला सूर्य पण?" मी म्हटलं, आपला पण. ती दुकानाच्या पायरीपर्यंत आली, रस्त्यावरच्या उन्हाकडे बघत राहिली. मिनिटभर असेल. मग आत आली आणि म्हणाली, "हे सगळं लिहून द्या. सही करून."

मी तिथेच बसून लिहिलं. तिने वाचलं आणि परत दिलं. "खूण पुसली, ते कुठे आहे?" मी ते गाळलं होतं. या वयातही गाळलं होतं, भिंगरे. ते लिहिलं, खाली सही केली, सीलचा नंबर घातला. मला वाटलं, ती कागद घडी करून कपाटात ठेवेल. तिने तो काचेच्या चौकटीत घालून टेबलाच्या वर, आल्या-गेल्याला दिसेल असा लावला.

काल माझे तीन शर्ट घेऊन तिथे गेलो. जवळच्या रस्त्याने. पुढे दोघीजणी होत्या. त्यांतल्या एक बाई वर बघून तो कागद वाचत होत्या, ओठ हलवत, अगदी शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर त्यांनी मुलीला विचारलं, "कोण गं हा माणूस?"

मुलीने मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मी."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी माझा नंबर येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

मामा